बाळाचा बाप्तिस्मा, आईवडिलांचे काम

बाळाच्या बाप्तिस्म्याचा विधी चर्चच्या दाराशी सुरू होतो. फादर आईवडिलांना विचारतात, बाळाचे नाव काय ठेवले? मग विचारतात, देवाच्या मंडळीकडे काय मागता? उत्तर एका शब्दाचे असते: बाप्तिस्मा. पुढचा प्रश्न मात्र जड आहे. या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घेत आहात, ती काय आहे हे तुम्हाला कळले आहे ना? आईवडील 'हो' म्हणतात. वसईच्या गावागावांत, मुंबईच्या उपनगरांत, नगर आणि जालन्याच्या मंडळ्यांत दरवर्षी कितीतरी दांपत्ये असा होकार देतात. त्यांतली अनेक जोडपी लग्न लागल्यानंतर नाताळ सोडला तर प्रथमच चर्चची पायरी चढलेली असतात.

या होकाराचे पुढे काय होते, हा आपल्या मंडळ्यांपुढचा खरा प्रश्न आहे. मुलाच्या निमित्ताने आईवडील ख्रिस्ताजवळ येतात, हे अनेक घरांत घडते. पण ते आपोआप घडत नाही. आईवडिलांच्या हाताला काम दिले, त्यांच्या तोंडी प्रार्थनेचे शब्द दिले, तर घडते. ते काम मुलावर टाकले, मुलालाच घरातला प्रचारक केले, की घर आणि चर्च दोन्हीकडे दरवाजे बंद होऊ लागतात. आजच्या धर्मशिक्षणाची मोठी चूक हीच आहे असे मला वाटते. आपण मुलांवर वर्षानुवर्षे मेहनत घेतो आणि आईवडिलांसाठी तास-दोन तास काढतो.

शुभवर्तमान वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. येशूकडे धावत आलेल्या माणसांत आईवडील फार आहेत. सभास्थानाचा अधिकारी याइर मुलीसाठी येतो. कनानी बाई मुलीसाठी मागे लागते आणि शिष्यांनी तिला घालवून द्या म्हटले तरी हटत नाही. कफर्णहूमचा राजदरबारी अधिकारी तापाने फणफणलेल्या मुलासाठी येतो, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे की तो आणि त्याचे सगळे घराणे विश्वासात आले. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप तर सर्वांत प्रामाणिक. आपला विश्वास आहे असे म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. यांतले कोणीही धर्मतत्त्वे पटली म्हणून आलेले नव्हते. मुलाच्या काळजीने आणले आणि ते आले. बाप्तिस्म्याचा अर्ज घेऊन ऑफिसच्या दाराशी उभे राहिलेले दांपत्य याच रांगेतले आहे. फरक एवढाच, की त्यांचे मूल ठणठणीत आहे आणि काळजी आतल्या आत आहे.

चर्चच्या इतिहासातही बाप आणि मुलगा एकत्र पाण्यात उतरल्याचे नामांकित उदाहरण आहे. सन ३८७ च्या पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री मिलान शहरात बिशप अॅम्ब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याचा किशोरवयीन मुलगा अदेओदातूस त्याच्या बरोबर होता. ऑगस्टीनची आई मोनिका वर्षानुवर्षे लेकासाठी रडली हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा उभा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

आता विधीकडे वळू, कारण आईवडिलांना काम देणारी सगळी सामग्री विधीतच आहे आणि आपण ती वापरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या आधी कॅथलिक चर्चमध्ये बाळाला जो विधी वापरत, तो मुळात प्रौढांचा विधी आखडून केलेला होता. प्रश्न बाळाला विचारायचे आणि उत्तरे धर्मपित्याने, म्हणजे बाळाची श्रद्धेतली जबाबदारी घेणाऱ्या धर्मपालकाने, द्यायची. बाप्तिस्मा जन्मानंतर लगोलग उरकत असल्यामुळे बाळंतीण अनेकदा घरीच असे. १९६३ साली परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजाच्या ६७ व्या कलमात सांगितले की विधी खरोखर बाळांच्या परिस्थितीला साजेसा करा आणि आईवडील व धर्मपालक यांची भूमिका त्यात स्पष्ट दिसू द्या. त्याप्रमाणे १९६९ मध्ये बालकांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधी आला. आता सैतानाचा त्याग आणि श्रद्धेचा स्वीकार आईवडील आणि धर्मपालक स्वतःच्या नावाने करतात. सहा प्रश्न, सहा उत्तरे. त्यानंतरच विचारले जाते की या श्रद्धेत तुमच्या मुलाला बाप्तिस्मा मिळावा अशी तुमची इच्छा आहे का.

यातली एक क्रिया जवळून पाहा. सुरुवातीलाच फादर बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करतात. मग ते आईला आणि बापाला तसेच करायला सांगतात. अनेक बापांचा अंगठा इथे अडखळतो. उभी रेघ आधी की आडवी, किती दाबायचे, बाळ रडले तर काय, असा गोंधळ चेहऱ्यावर दिसतो. स्वतः क्रूसाची खूण करून ज्याला काही वर्षे झाली आहेत, त्याला ती पोटच्या पोराच्या कपाळावर करावी लागते. पूर्ण विधीत बापाच्या अंगाला थेट भिडणारा क्षण असा दुसरा नाही. आणि नेमक्या याच क्षणी फोटोग्राफर मध्ये येतो, किंवा घाई असल्यामुळे फादर स्वतःची खूण करून पुढे सरकतात. विधीपुस्तकात आईवडिलांचे काम लिहिलेले आहे. ते गाळण्याची मुभा कोणी स्वतःला देऊ नये.

पुढची अंगेही तशीच अर्थपूर्ण आहेत. पाणी तीनदा ओततात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने एकेकदा. ते नुसते केसांवर शिंपडून चालत नाही, त्वचेवरून वाहायला हवे. मग टाळूवर क्रिस्मा तेलाचा अभ्यंग, जे तेल बिशप ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आशीर्वादित करतात. मग पांढरे वस्त्र. मग पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हाती देतात आणि ही ज्योत तेवत ठेवण्याचे काम तुमच्याकडे सोपवले आहे असे सांगतात. विधी संपताना आई आणि बाप या दोघांना वेगवेगळा आशीर्वाद असतो. एवढे सगळे होऊन ती मेणबत्ती बहुतेक घरांत डब्यात जाते आणि तिथेच राहते.

बिघाड कुठे होतो, तर क्रमात. वसई भागात बाप्तिस्मा हा मोठा सोहळा असतो. आधी हॉल मिळाला का ते पाहतात, मग केटरर, मग आमंत्रणपत्रिका, मग परदेशी नातेवाइकांच्या सुट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी चर्चचे ऑफिस. तोपर्यंत तारीख पक्की झालेली असते, म्हणून तयारीचा वर्ग म्हणजे शनिवारी संध्याकाळचा एक तास उरतो. त्या तासात पांढऱ्या वस्त्राचा अर्थ, तेलाचा अर्थ, उपस्थिती पत्रकावर सही, संपले. खर्चाबद्दल मी आईवडिलांना दोष देत नाही. मूल झाल्याचा आनंद चारचौघांत साजरा करावा असे वाटणे चांगलेच आहे. पण चर्चने तारीख देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला पाहिजे, आणि तयारी बाळंतपणाच्या आधी सुरू केली पाहिजे. कॅनन कायद्याचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचे, ८६७ वे कलम तर स्पष्टच सांगते की जन्मानंतर लवकरात लवकर, किंवा जन्मापूर्वीही, आईवडिलांनी धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) प्रमुख धर्मगुरूंकडे जावे आणि तयारी करून घ्यावी.

चार भेटी पुरतात. पहिली गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यात, त्यांच्या घरी. या भेटीत शिकवायचे काही नाही. ऐकायचे. चर्चशी संबंध का तुटला हे विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचे. बहुतेक वेळा कारण देव नसतोच. कुणाच्या तरी अंत्यविधीला फादर वेळेवर आले नाहीत, लग्नाच्या कागदपत्रांत अपमान झाला, वर्गणीवरून बोलाचाली झाली, नाहीतर विरारची लोकल आणि रात्रपाळी यांत रविवार हरवला. दुसरी भेट जन्मानंतर पंधरा दिवसांनी, आशीर्वादाला, दहा मिनिटांची. तिसऱ्या भेटीत विधीची तालीम. कपाळावर खूण कशी करायची, सहा प्रश्नांची उत्तरे कशी द्यायची, आणि त्या उत्तरांतले कोणते आपल्याला म्हणायला जड जाते, यावर बोलणे. सोबत दोन-तीन जोडपी असतील तर उत्तम, कारण त्यांची आपापसांत जी ओळख होते तीच पुढे टिकते. चौथी भेट बाप्तिस्म्यानंतर दोन महिन्यांनी. हीच कुठे होत नाही आणि हीच सर्वांत जास्त कामाची आहे. पाहुणे परत गेलेले असतात, रात्रीची झोप गेलेली असते, आणि नव्या आईला बोलायला कोणी नसते.

चौथ्या भेटीत एकच गोष्ट मागावी. रोज रात्री बाळाला झोपवताना आईने आणि बापानेही कपाळावर क्रूसाची खूण करायची आणि प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायची. दोन मिनिटे लागत नाहीत. बाळाला समजत नाही ही अडचण नाही, उलट सोय आहे. समोर कोणी परीक्षक नसतो. ज्याला मोठ्या माणसांसमोर प्रार्थना म्हणायची लाज वाटते, तो बाप तान्ह्या बाळासमोर सहज म्हणतो. वर्षभरात ते शब्द पुन्हा त्याचे होतात. दोन वर्षांनी मूल त्याच्या मागून बोबडे शब्द उच्चारू लागते, आणि त्या दिवसापासून तो थांबू शकत नाही. एक रात्र चुकली तर पोरच आठवण करून देते. मुलाची श्रद्धा आईवडिलांना ओढते ती अशी. त्यासाठी मुलाला काही वेगळे शिकवावे लागत नाही.

धर्मपालक निवडताना मोठा घोटाळा होतो. चर्चच्या कायद्याला हवा तो एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघे. वय १६ पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेले, जी भूमिका घेतो तिला शोभेल असे जगणारा, आणि बाळाचे आईवडील नसलेला. आपल्याकडे मात्र निवड मानपानावर होते. थोरल्या भावाला विचारले नाही तर रुसवा येतो, दुबईच्या मेव्हण्याला विचारले तर भेट जाड येते. मग तो मेव्हणा आयुष्यात चारदा भेटतो. जे दांपत्य स्वतःच चर्चपासून लांब आहे, त्यांच्या बाळाला तरी एक धर्मपालक त्याच धर्मग्रामातला, चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा, रविवारच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) नियमित जाणारा असावा. रविवारी सकाळी 'आम्ही निघालोय, येता का' असे खाली उभे राहून विचारणारा माणूस धर्मशिक्षणाच्या दहा पुस्तकांचे काम करतो. दुसरा धर्मपालक नात्यातला ठेवून मान राखता येतो.

आता वादाचा मुद्दा. चर्चपासून तुटलेल्या आईवडिलांच्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की नाही? काही फादर सरळ विचारतात, तुमचे लग्न कोर्टात झाले, तुम्ही मिस्सेला येत नाही, मग मूल कशाला आणले? त्यांची तळमळ खोटी नाही. श्रद्धा नसलेल्या घरात संस्काराचे बी टाकून देणे म्हणजे संस्काराचा अवमान, असे त्यांना वाटते. पण कॅनन कायदा असे म्हणत नाही. ८६८ व्या कलमात दोन अटी आहेत: आईवडिलांपैकी किमान एकाची संमती, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा. ती आशा पूर्णपणे नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा आणि कारण सांगायचे. आईवडिलांचे लग्न चर्चच्या नियमाप्रमाणे झालेले नसणे हे स्वतःहून नकाराचे कारण होत नाही. १९८० साली श्रद्धाविषयक रोमन कार्यालयाने बालबाप्तिस्म्यावर सूचनापत्र काढले, त्यात आशेचा आधार जवळचे नातेवाईक, धर्मपालक किंवा मंडळी यांच्याकडूनही मिळू शकतो असे मानले आहे, आणि पुढे ढकलणे हे कुटुंबाला श्रद्धेत वाढवण्यासाठी असावे असे बजावले आहे.

म्हणून थांबवायचेच असेल तर तारीख देऊन थांबवा. 'तयार झालात की या' असे म्हटले की ते दांपत्य परत येत नाही. तिथे दार कायमचे बंद होते, आणि बाळाच्या आजीला मात्र त्याची शिक्षा आयुष्यभर भोगावी लागते. 'तीन महिन्यांनी, अमुक रविवारी बाप्तिस्मा होईल. तोपर्यंत तीन भेटी आणि दर रविवारी बाळाला घेऊन या, मागच्या बाकावर बसा, रडले तर बाहेर जा, चालेल,' असे म्हटले तर बहुतेक जण येतात. ऑफिसमधल्या पहिल्या पाच मिनिटांत हा निकाल लागतो, त्यामुळे अर्ज घेणाऱ्या सेक्रेटरीलाही प्रशिक्षण द्यायला हवे.

आंतरधर्मीय लग्नांत तर आणखी जपून वागावे लागते. १९७० पूर्वी ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराकडूनही मुलांबद्दल वचन घेतले जाई. पोप पॉल सहावे यांनी त्या वर्षी हे बदलले. आज वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो, की मुलांना कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा मिळावा व वाढवावे यासाठी मी माझ्याकडून शक्य ते सर्व करीन. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची, एवढेच. बाप्तिस्म्याच्या विधीतही तीच सभ्यता आहे. जो पालक श्रद्धेचा स्वीकार मनापासून म्हणू शकत नाही, त्याने गप्प राहावे, मुलाला या श्रद्धेत शिकू देण्याची त्याची संमती पुरेशी आहे, असे विधीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. ही सवलत हिंदू बापाला आधी सांगितली पाहिजे. नाहीतर तो भर चर्चमध्ये ओठ हलवत उभा राहतो आणि खोटे बोलायला लावले म्हणून मनात राग धरतो. त्याला गप्प राहण्याचा मान मिळाला, शेवटचा आशीर्वाद मिळाला, आणि कोणी त्याच्या आईवडिलांना मागच्या बाकावर ढकलले नाही, तर तो बाळाच्या बाप्तिस्म्यातून ख्रिस्ती धर्माबद्दल काही चांगले घेऊन जातो. पुढे तो बाप्तिस्मा घेईल की नाही हे त्याच्या आणि देवाच्या हाती. त्याच घरात गणपतीची आरती होत असेल, तर कॅथलिक आईने मुलाला कसे सांगावे हे फादरांनी तिच्याशी आधी बोलून ठरवायला हवे. सासूसमोर, ऐन आरतीच्या वेळी ठरवायला गेले की नेहमी भांडण होते.

इथून एक रेषा ओलांडली तर सगळे उलटे होते. आईवडिलांच्या मर्जीविरुद्ध मुलाला ख्रिस्ती करणे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. वडील सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर बाळशास्त्री जांभेकर आणि सनातनी यांच्यात मोठा वाद पेटला. नारायण शेषाद्री पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवून दीनदुबळ्यांसाठी राबले. प्रौढ माणसाने स्वतः घेतलेल्या निर्णयाचे ते फळ. श्रीपतच्या प्रकरणातून मिशनच्या पदरी काय पडले? घराघरांतला संशय. त्यानंतर पंधरा वर्षांनी इटलीत बोलोन्या शहरात याहून भयंकर घडले. एका ज्यू कुटुंबातला एदगार्दो मोर्तारा तान्हेपणी आजारी असताना मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. ते कळल्यावर १८५८ साली पोपच्या राज्याच्या पोलिसांनी सहा वर्षांच्या त्या मुलाला आईवडिलांकडून काढून नेले. तो पुढे धर्मगुरू झाला. त्याचे आईवडील मात्र चर्चच्या जवळ आले नाहीत, आणि साऱ्या युरोपात चर्चचे नाव बदनाम झाले.

मरणाच्या दारातल्या बाळाला आईवडिलांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा देणे वैध आहे, असे ८६८ व्या कलमाचा दुसरा भाग आजही म्हणतो. मला वाटते भारतातल्या कोणत्याही ख्रिस्ती नर्सने वा डॉक्टरने इतर धर्मीयांच्या बाळाबाबत त्याचा वापर करू नये. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना देवाच्या दयेवर सोपवावे, त्यांच्या तारणाची आशा धरावी, हे कॅथलिक धर्मशिक्षणात आहे आणि २००७ च्या आंतरराष्ट्रीय धर्मतत्त्व आयोगाच्या दस्तऐवजात सविस्तर मांडले आहे. मग चोरून पाणी ओतण्याची गरज कोणाला?

देशाच्या कायद्याची बाजूही आहे. राज्यघटनेचे २८(३) कलम सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीविना अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. ओडिशाच्या १९६७ च्या धर्मांतरविरोधी कायद्यापासून पुढे अनेक राज्यांनी अल्पवयीनांच्या बाबतीत शिक्षा वाढवून ठेवली आहे. पण मी हे कायद्याच्या भीतीने म्हणत नाही. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राख अशी आहे, आणि ती मोडायला लावून कोणी मुलाला ख्रिस्ताकडे नेऊ शकत नाही.

मराठवाडा-नगर भागात आणखी एक गुंता आहे आणि तो उघडपणे बोलला जात नाही. अनुसूचित जातीतली अनेक कुटुंबे उपासनेला येतात, मुलांना संडे स्कूलला पाठवतात, पण बाप्तिस्मा घेत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती लोकांना नाही. अशा घरातल्या मुलाने बाप्तिस्मा मागितला तर पाळकसाहेबांनी (प्रॉटेस्टंट मंडळीच्या धर्मगुरूंनी) आईवडिलांना समोर बसवून, मंडळीच्या रजिस्टरमध्ये नाव चढले म्हणजे जातप्रमाणपत्रावर काय परिणाम होऊ शकतो, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. हा कायदा अन्यायकारक आहे असे माझे ठाम मत आहे. पण त्या अन्यायाची किंमत कोणी न समजता भरू नये. सगळे समजून जे आईवडील मुलाच्या बरोबर पाण्यात उतरतात, त्यांचे पाऊल पक्के असते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चित्र थोडे वेगळे आहे. १९७० साली नागपुरात उत्तर भारत चर्च स्थापन झाले तेव्हा त्यात बालबाप्तिस्मा मानणारे आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्याचाच बाप्तिस्मा मानणारे असे दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि दोन्ही पद्धतींना मान्यता मिळाली. काही घरे बाळाचे अर्पण करतात, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवतात, आणि बाप्तिस्मा मूल मोठे होऊन स्वतः मागेल तेव्हा. बारा-तेरा वर्षांची मुलगी व्हीबीएसहून (सुट्टीतल्या बायबल वर्गाहून) घरी येऊन म्हणते, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. बाप उपासनेला जात नाही, दारूही पितो. आता काय?

इथे संडे स्कूलच्या शिक्षिकेवर मोठी जबाबदारी येते. 'तुझ्या प्रार्थनेने तुझे पप्पा सुधारतील' असे त्या मुलीला सांगणे निष्ठुरपणाचे आहे. पप्पा सुधारले नाहीत तर ती स्वतःला दोष देते, किंवा देवाला. 'पप्पा असेच राहिले तर नरकात जातील' हे तर कधीच सांगू नये. हे ऐकून आलेली मुलगी जेवताना बापाशी वाद घालते, बाप दुखावतो आणि दुसऱ्या रविवारपासून तिला पाठवणे बंद करतो. योग्य मार्ग सोपा आहे. पाळकसाहेबांनी तिच्या घरी जावे, बापाशी बोलावे, तिच्या बाप्तिस्म्याला तुमची संमती हवी आणि त्या दिवशी तिच्या शेजारी तुम्ही उभे राहावे अशी विनंती करावी. वर्षभर थांबावे लागले तरी थांबावे. ज्याला कधी कोणी विचारले नाही अशा बापाला आपल्या मुलीबद्दल मानाने विचारले गेले, यानेच बऱ्याचदा गाठ सुटते. तो लगेच उपासनेला येईलच असे नाही. पण मंडळी आपल्या लेकीला आपल्यापासून तोडत नाही हे त्याला कळते, आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

कॅथलिक घरांत दुसरी संधी सातव्या-आठव्या वर्षी येते, पहिल्या कम्युनियनच्या वेळी, म्हणजे मूल प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेते तेव्हा. १९१० साली पोप पायस दहावे यांनी हे वय सात वर्षांच्या आसपास आणले, आणि मूल तयार आहे की नाही हे ठरवण्यात आईवडिलांना हक्काचे स्थान दिले. आपण ते स्थान काढून घेतले आहे. आई मुलाला फाटकाशी सोडते, तासाभराने नेते. पोरगा आत इंग्रजीत प्रार्थना पाठ करतो. घरी आजी 'नमो मरिये' मराठीत म्हणते, आईबाप मराठी शाळेत शिकलेले, आणि पोराच्या प्रार्थनेत सामील व्हायची वाटच घरात कोणाला उरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जानेवारीत बाळांना बाप्तिस्मा देताना सांगितले होते की श्रद्धा घरच्या बोलीतच पुढे जाते, आईवडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या बोलीत. वसईत ती बोली सामवेदी असेल, वाडवळी असेल. शाळा इंग्रजी असो, हरकत नाही. पण पाच-सहा मूळ प्रार्थना मुलांना घरात बोलतात त्या भाषेत शिकवाव्यात, आणि त्या घरी कोणाकडून शिकून यायच्या हेही सांगावे. 'या आठवड्यात प्रायश्चित्ताची प्रार्थना आजोबांकडून शिकून ये' हा गृहपाठ दिला की वर्ग घरात पोचतो.

आईवडिलांचे वर्ग त्याच काळात मुलांच्या वर्गाला समांतर घ्यावेत, महिन्यातून एकदा, वर्षभर. मुले एका खोलीत, मोठी माणसे दुसऱ्या खोलीत, विषय एकच. पहिल्या कम्युनियनच्या आधी मुलांना प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, असतो. त्याच संध्याकाळी आईवडिलांसाठीही दोन-तीन धर्मगुरू बाहेरून बोलवावेत. आपल्या गावच्या फादरांसमोर इतक्या वर्षांनी बसायला अनेकांना संकोच वाटतो, अनोळखी फादर असले की वाटत नाही. खूप वर्षांचे ओझे अशा संध्याकाळी उतरते, आणि मूल बाहेर पायरीवर बसून वाट पाहत असते, त्यामुळे आत जाण्याचे धैर्यही येते.

आणि वेळ. हे वर्ग आठवड्याच्या मधल्या दिवशी सहा वाजता ठेवले तर फक्त आया येतात, कारण चर्चगेटहून सुटलेले बाप घरी पोचायला नऊ वाजतात. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ठेवा, पाऊण तासात संपवा, चहा द्या, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला युवक मंडळाची दोन मुले बसवा.